साडेआठ लाखात नवी पंच घ्यावी की जुनी ऑडी?

प्रश्न थोडक्यात असा. वाचक साताऱ्यात शाहूपुरी भागात राहतात, वय अडतीस, एमआयडीसीत नोकरी, बायको शाळेत शिक्षिका, मुलगी पाचवीत. वडील, म्हणजे अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं सर्व्हिस झाली, पण स्वतःची चारचाकी कधी झाली नाही. आता घरात पहिली गाडी यायची आहे. साठवलेले साडेचार लाख आहेत, वर चार लाख कर्ज काढायची तयारी आहे. घरचे म्हणतात टाटा पंच नवीन घ्या, मधल्या व्हेरिएंटचं ऑनरोड कोटेशन साडेआठच्या आसपास आलंय. पुण्यातल्या मेव्हण्याने त्याच पैशात २०१५ ची ऑडी ए४ शोधलीये, डिझेल ऑटोमॅटिक, सेकंड ओनर, मीटरला ८२ हजार किलोमीटर. वाचक लिहितात, "ताई, नवीन गाडी शोरूमच्या गेटमधनं बाहेर आली की लाख रुपये तिथंच गेले. त्याच पैशात चाळीस लाखाची गाडी मिळत असताना पत्र्याचा डबा कशाला घ्यायचा? अण्णांना एकदा तरी खऱ्या गाडीत बसवायचंय. भावकीत लग्नाला गेलो की कार्यालयाबाहेर सगळ्यांच्या मोठमोठ्या गाड्या लागलेल्या असतात आणि अण्णा रिक्षातनं उतरतात. मन ऑडीकडं ओढतंय, डोकं काहीच बोलंना झालंय. काय करू?"

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा गाडीचं पत्र म्हणून वाचलं, दुसऱ्यांदा लक्षात आलं की हे अण्णांचं पत्र आहे, आणि तिसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली ती शेवटाकडं सांगते. आधी एवढंच की तुमची इच्छा अजिबात चुकीची नाही. ज्या माणसानं सातारा-स्वारगेट करत हजारो लोकांना वेळेवर पोचवलं त्याच्या दारात चांगली गाडी उभी राहावी असं लेकाला वाटणं यात हौस नाही, ते देणं आहे असं मी मानते. त्यामुळं "मध्यमवर्गीयानं पायरी ओळखावी" वगैरे काही मी सांगणार नाही.

पण तुमच्या एका वाक्यापाशी आपण थांबू. "चाळीस लाखाची गाडी साडेआठ लाखात." हे वाक्य अर्धंच खरंय. चाळीस लाखाची गाडी साडेआठला झाली ती फक्त विकत घेताना, सांभाळताना ती अजून चाळीस लाखाचीच आहे. तिचा हेडलाइट, तिचे सस्पेंशनचे आर्म, तिचे इंजेक्टर, यांना कुणी सांगितलेलं नाही की मालक बदलला आणि आता जरा स्वस्तात या. पार्टची किंमत गाडीच्या आजच्या किमतीवर ठरत नाही, ती गाडी ज्या वर्गासाठी बनवली त्या वर्गावर ठरते. आणि पहिले मालक अशा गाड्या सहसा कधी विकतात ते बघा, वॉरंटी संपून मोठी कामं जवळ आली की विकतात. सगळेच असं करतात असं नाही, पण दहा वर्षांच्या पुढं गेलेल्या गाडीत रबराचे बुश, होस, सील, सेन्सर हे वयानं जातातच, किलोमीटर कमी असले तरी जातात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम निघालं तर आकडा लाखात जातो आणि त्यावेळी तुमच्याकडं दोनच रस्ते राहतात, भरा नाहीतर गाडी तशीच उभी करा.

उभी करायची म्हणजे कुठं, तेही बघू. पंचचं काम निघालं तर साताऱ्यात पार्ट मिळतो, नाही मिळाला तर दुसऱ्या दिवशी येतो आणि तुमच्या ओळखीचा मिस्त्रीपण तिला हात लावतो. ऑडीला नुसता मिस्त्री पुरत नाही, तिच्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर लागतो आणि तो स्कॅनर कळणारा माणूस लागतो. म्हणजे पुणे. सातारा ते पुणे शंभर-एकशेदहा किलोमीटर, मध्ये खंबाटकी. गाडी चालत असेल तर तुम्ही रजा टाकून घेऊन जाणार, चालत नसेल तर टोइंगच्या गाडीवर टाकून न्यावी लागणार, आणि मग पार्टची वाट बघत ती तिकडं दहा-बारा दिवस राहणार. तुमच्या घरातली ही पहिली गाडी आहे, एकुलती एक. ज्यांच्या दारात दुसरी गाडी उभी असते त्यांच्यासाठी हे दहा-बारा दिवस म्हणजे नुसता वैताग, तुमच्यासाठी म्हणजे परत रिक्षा.

आणखी एक, तुमचा रोजचा प्रवास. शाहूपुरी ते एमआयडीसी, मध्ये पोवई नाका, मुलीची शाळा, म्हणजे जाऊन-येऊन दहा-पंधरा किलोमीटर, तेही थांबत थांबत. अशा बऱ्याच डिझेल गाड्यांत डीपीएफ म्हणून काजळी अडवणारी जाळी असते, ती स्वतःला साफ करते पण त्यासाठी गाडी मोठ्या रस्त्यावर जरा वेळ एका स्पीडनं पळून धूर तापावा लागतो. रोज चार-पाच किलोमीटर पळवून बंद केली की ती जाळी हळूहळू तुंबते, मग लाइट लागतो, मग गाडी ताकद काढून घेते. गाडी वाईट म्हणून हे होत नाही, तिला दिलेलं काम चुकीचं असतं म्हणून होतं. रोज पुणे-कोल्हापूर करणाऱ्या माणसाला हीच गाडी सोन्यासारखी वाटेल. हायवेला शंभरच्या स्पीडला ती जशी रस्त्याला चिकटून शांत जाते तशी छोटी गाडी जात नाही, हे कबूल करायलाच पाहिजे.

आता तुमचा "लाख रुपये गेटवरच गेले" हा मुद्दा. तो खरा आहे, पण कुणासाठी? जो माणूस तीन-चार वर्षांत गाडी बदलतो त्याच्यासाठी. तुम्ही किती वर्षं ठेवणार हे पत्रात लिहिलेलंच नाही. घरातली पहिली गाडी, कर्ज काढून घेतलेली, मला वाटतं तुम्ही ती दहा वर्षं ठेवाल. मग त्या पहिल्या लाखाचं दुःख दहा वर्षांत वाटून टाका, वर्षाला दहा हजार झाले. आणि पडझड फक्त नव्या गाडीची होते असं थोडंच आहे? २०१५ च्या गाडीला २०३० मध्ये पंधरा वर्षं होतात, तिथं रजिस्ट्रेशन संपतं, मग पुढच्या पाच-पाच वर्षांसाठी फिटनेस दाखवून, पर्यावरण कर भरून रिन्यू करायचं. पंधरा वर्षं झालेली डिझेल ऑडी साताऱ्यात कोण घेणार, कितीला घेणार? नव्या पंचचं तुम्हाला निदान माहिती आहे की घेणारा दारात येईल.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्क्यांवर आलाय, म्हणजे चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीच्या आतल्या गाड्या. पंच त्यात बसते. त्यामुळं "नवीन महाग, जुनी स्वस्त" हा जो हिशोब आपल्या डोक्यात आहे तो त्याच्या आधीच्या किमतींचा आहे, जुन्या गाडीचा भाव ऐकताना आजचं नवीन कोटेशन शेजारी ठेवल्याशिवाय मान हलवू नका. हे सगळ्याच वाचकांना सांगते, कारण काही विकणारे अजून जुनेच आकडे धरून बसलेत.

कर्जाचं. मेव्हणे म्हणाले पतसंस्थेतनं चार लाख उचलू, असं तुम्ही पुढं लिहिलंय. ते तसं का म्हणाले माहितीये का, कारण दहा वर्षांपुढच्या गाडीला बँक सहसा वाहनकर्ज देत नाही. नव्या गाडीला समजा ९ टक्क्यांनी चार लाख पाच वर्षांसाठी मिळाले तर हप्ता ८,३०० च्या आसपास बसतो. तेच पतसंस्थेकडनं १४ टक्क्यांनी घेतले तर ९,३०० च्या वर. महिन्याला हजार रुपये म्हणजे काही नाही असं वाटतं, पाच वर्षांत साठ हजार होतात, आणि ते गाडीच्या एका नटबोल्टलासुद्धा लागत नाहीत. सगळ्यात अवघड म्हणजे तुमची साडेचार लाखाची पुंजी अख्खी त्यात जाणार आणि ज्या गाडीला हाताशी पैसे असणं सगळ्यात गरजेचं तीच घेताना हात रिकामे होणार. माझा स्वतःचा ठोकताळा असाय की जुनी प्रीमियम गाडी घेताना तिच्या किमतीच्या चौथा हिस्सा रक्कम वेगळी पडलेली पाहिजे, कर्ज-बिर्ज सोडून. साडेआठच्या गाडीला दोन लाख. ते नसतील तर तो सौदा स्वस्त नाही, अर्धवट आहे.

इन्शुरन्सबद्दल लोक विचारच करत नाहीत म्हणून सांगते. नव्या गाडीला झिरो डेप मिळतं, म्हणजे ठोकली तर पार्टचे जवळपास पूर्ण पैसे कंपनी देते. जुन्या गाडीला ते मिळणं अवघड, आणि मग क्लेममध्ये घसारा कापला जातो, रबर-प्लॅस्टिकच्या पार्टवर ५० टक्के, आणि गाडी दहा वर्षांपुढची असेल तर लोखंडी पार्टवरही ५० टक्के. नव्या पंचच्या बंपरचं जवळपास सगळं कंपनी देणार, ऑडीच्या बंपरचं अर्धं तुमच्या खिशातनं, आता ते अर्धं केवढं हे तुम्हीच काढा.

"पत्र्याचा डबा" हा शब्द मात्र मागं घ्या. टाटा पंचला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार मिळाले आहेत. पूर्वी छोट्या गाडीला डबा म्हणायला कारण होतं, एअरबॅग नाही, एबीएस नाही, पत्रा हातानं दाबला तर दबायचा. आता तसं राहिलेलं नाही, ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडं भारत एनकॅपपण सुरू झालंय, कुठलीही गाडी घेताना तिचे स्टार बघा, ते ऐकीव मतापेक्षा बरे. ऑडी मुळात सुरक्षित गाडी आहे यात वाद नाही, पण दहा वर्षांत ती ठोकलेली असेल आणि एअरबॅग उडाल्यावर नुसतं कव्हर बसवून दिलं असेल तर? चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम बंद करून ठेवलाय का, असा संशय घ्यायचा.

आता अण्णांकडं येते. एकतीस वर्षं क्लच दाबलेल्या माणसाचे गुडघे कसे असतील हे तुम्ही लिहिलं नसतं तरी मला कळलं असतं, तुम्ही लिहिलंयच की जिना चढताना कठडा धरतात. दादा, ऑडी ए४ ही खाली बसायची गाडी आहे. माझ्या आईला आम्ही एकदा चुलतभावाच्या अशाच खालच्या सेडानमधनं मिरजेला दवाखान्यात नेलं होतं. गाडी आतनं एवढी सुंदर, की आई आधी सीटवरनं हात फिरवत बसली. पण बसताना काय झालं, तिनं दाराची वरची कड धरली, पाठ वळवली आणि मग खाली सीट कुठंय ते तिला सापडेना, शेवटचा वीतभर ती अक्षरशः पडली. मग एक पाय स्वतः आत घेतला, दुसरा मी गुडघ्याखाली हात घालून उचलून आत ठेवला. उतरताना दोघांनी दोन्ही हात धरून ओढली आणि ती हसत होती पण डोळ्यात पाणी होतं, दुखण्याचं नव्हे, लोकांसमोर ओढून काढायला लागलं याचं. परत येताना शेजाऱ्यांच्या वॅगनआरमधनं आणली. त्या गाडीची सीट तिच्या कमरेच्या उंचीला, ती सरळ मागं टेकली, पाय फिरवले, झालं. दार स्वतः लावलं तिनं.

अण्णांनी आयुष्यभर उंच सीटवरनं रस्ता बघितलाय, समोर मोठी काच आणि खाली सगळी वाहनं. त्यांना "खऱ्या गाडीत" बसवायचंय तर एकदा विचारा तरी की त्यांची खरी गाडी कशी असते. कदाचित ते ऑडीच्या त्या चार कड्यांचं नावही घेणार नाहीत, म्हणतील समोरचा रस्ता दिसला पाहिजे आणि उतरताना कुणाचा हात लागायला नको. मला जी गोष्ट खटकली म्हणलं ती हीच. पत्रात अण्णा सगळीकडं आहेत पण अण्णांचं म्हणणं कुठंच नाही. आणि वहिनी "घरच्यांचं म्हणणं" या दोन शब्दांत संपल्यात. गाडी त्याही चालवणार आहेत ना? नसतील शिकलेल्या तर शिकतील. ऑडीची लांबी जवळजवळ पावणेपाच मीटर, पंच चार मीटरच्या आत. शाहूपुरीतल्या बोळातनं, एका बाजूला गटार आणि दुसऱ्या बाजूला लावलेल्या स्कूटी, त्यातनं पावणेपाच मीटरची गाडी रिव्हर्स घेताना नवी शिकलेली बाई एकदा घाबरली की परत चावीला हात लावत नाही, हे मी चार घरांत बघितलंय. मग गाडी फक्त तुमची होते.

तर मग पंचच घ्या, असं म्हणते का मी? नाही, अजून एक रस्ता आहे आणि तो तुम्ही या दोन गाड्यांच्या भांडणात बघितलाच नाही. साडेआठ लाखात तीन-चार वर्षं वापरलेली, तीस-चाळीस हजार पळालेली, एक पायरी वरची साधी गाडी बघा. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू या जातीची. पहिल्या मालकानं सुरुवातीची मोठी पडझड सोसलेली असते, सीट उंच, डिकी मोठी, गोंदवल्याला किंवा पालीच्या जत्रेला पाच माणसं आणि सामान घेऊन जाता येतं आणि पार्ट साताऱ्या-कराडात मिळतात. बँक अशा गाडीला कर्ज देते, व्याज नव्यापेक्षा थोडं जास्त असतं, तेवढं धरा. "मोठी गाडी" म्हणून तुमच्या मनात जे आहे ते बऱ्यापैकी यात बसतं असं मला वाटतं. कुणाला नवीनचं समाधान हवं असेल, वासासकट, पूजेसकट, तर पंच घ्यावी, त्यात काहीच कमी नाही. तुम्हाला मोठेपण हवंय म्हणून मी तुम्हाला हा तिसरा रस्ता सांगतेय.

पण जुनी गाडी, कुठलीही असो, डोळे उघडे ठेवून. माझ्या धाकट्या भावानं २०२० मध्ये सांगलीत एक पांढरी सेडान घेतली, चार वर्षं जुनी, बाहेरगावच्या एका एजंटकडनं, आतनं चकाचक आणि अत्तराचा वास एवढा की काचा खाली कराव्या लागायच्या. पहिल्या पावसात मागची काच वर जायची थांबली. मग एअरबॅगचा दिवा लागला. मग एके दिवशी गाडी चालूच होईना. मिरजेच्या मिस्त्रीनं बॉनेटपण उघडलं नाही आधी, तो पुढच्या सीटवर बसला आणि बेल्ट ओढायला लागला, ओढत ओढत अगदी शेवटपर्यंत, जिथपर्यंत आपण कधीच ओढत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर खाकी रेघ होती, वाळलेला गाळ, नखानं खरवडला तर पावडर पडत होती. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात ती गाडी बुडालेली होती. भाऊ ज्या गल्लीत राहतो त्याच गल्लीत पाणी शिरलं होतं, आणि त्याच पाण्यातली गाडी फिरून त्याच्याच दारात आली. कृष्णाकाठचे आपण, आपल्याला तरी हे कळायला पाहिजे होतं. २०२१ च्या जुलैतही पुराचं पाणी आलं होतं, तेव्हा सांगली, कोल्हापूर, कराड, चिपळूण, कुठलीही त्या आधीची गाडी असली तरी बेल्ट शेवटपर्यंत ओढायचाच. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघायचा, सीटच्या खालच्या रेलवर गंज बघायचा, मॅट उचलून हात लावायचा. अत्तराचा वास जास्त असला तर संशय घ्यायचा.

किलोमीटरवरपण डोळे झाकून विश्वास नको. तुमची ऑडी २०१५ ची, ८२ हजार, म्हणजे वर्षाला सरासरी आठ हजाराच्या आसपास. डिझेल सेडान माणूस पळवायलाच घेतो, एवढं कमी कसं? असू शकतं, पण अधिकृत सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड मालकाकडनं मागवल्याशिवाय मान्य करू नका. ब्रेकचं पेडल गुळगुळीत झालंय आणि मीटर ८२ हजार दाखवतंय असं असेल तर मीटर मागं केल्याचा संशय घ्या. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तर मालकानं काटकसर केलीये, आणि ज्यानं टायरवर केली त्यानं ऑइलवरपण केली असणार. आणि एक गोष्ट फार कमी लोक बघतात, विकणाऱ्याची चालू पॉलिसी मागा आणि त्यावर एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती आहे ते बघा. ५० टक्के असेल तर त्या मालकानं निदान पाच वर्षं क्लेम केलेला नाही, शून्य असेल तर विचारा का. तो एनसीबी तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो, पण गाडीबद्दल बोलतो.

कागदाचं फार लांबवत नाही. परिवहनच्या अॅपवर नंबर टाकून ओनर किती झाले, बोजा आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत, हे बघा, थकलेले ई-चलन बघा. बोजा असला तर बँकेचं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या, आणि गाडी घेतल्यावर चौदा दिवसांच्या आत इन्शुरन्स आपल्या नावावर करायला टाका, लोक आरसी करतात आणि पॉलिसी विसरतात, मग क्लेमच्या दिवशी रडतात. परराज्यातली गाडी असेल, विशेषतः दिल्लीकडची, तर स्वस्त का आहे ते समजून घ्या. तिकडं दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली आणि त्या गाड्या इकडं यायला लागल्या. इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो धरला की स्वस्ताई बरीच उतरते.

एवढं सगळं वाचूनही मन ऑडीवरच असेल तर मी हट्टानं नको म्हणणार नाही, पण मग माझं एवढं ऐका. मेव्हण्यांच्या ओळखीचा नको, विकणाऱ्याचा नको, तिसराच माणूस जो रोज याच गाड्यांचं काम करतो त्याला पैसे देऊन तपासून घ्या, लिफ्टवर चढवून, स्कॅनर लावून, आणि तो रिपोर्ट घेऊन मग बोला. दोन लाख बाजूला असतील तरच. आणि घरात दुसरी गाडी आल्यावर, आधी नाही. पाच-सहा वर्षांनी तुमचं कर्ज फिटेल, मुलगी मोठी होईल, तेव्हा हौसेची गाडी म्हणून घ्या, तेव्हा ती पुण्यात पंधरा दिवस पडली तरी घरातलं काही अडणार नाही.

भावकीबद्दल मला थोडं बोलू द्या. कार्यालयाबाहेर अण्णा रिक्षातनं उतरतात हे तुम्हाला टोचतं, आणि मला ते वाचून टोचलं. पण त्या कार्यालयात जी माणसं आहेत त्यातली कितीतरी अण्णांच्या एसटीतनं कॉलेजला गेली असतील, बारशाला, मयताला, मुलाखतीला गेली असतील. त्यांना अण्णा माहिती आहेत. अण्णा कुठल्या गाडीतनं उतरले यापेक्षा अण्णा स्वतः दार उघडून, सदरा सारखा करत, काठी न घेता उतरले हे त्यांना दिसू दे. ऑडी घेऊन गेलात आणि दारात दोघांनी ओढून काढायला लागलं तर तुम्हालाच जास्त लागेल.

तेव्हा येत्या रविवारी असं करा. अण्णांना आणि वहिनींना सोबत घ्या, आधी शोरूमला जा, मग एखादी जुनी ब्रेझा किंवा नेक्सॉन बघायला जा, जमलं तर कुणाची तरी ए४ पण बघा. अण्णांना प्रत्येक गाडीत पुढं एकदा आणि मागं एकदा बसवा आणि उतरवा, हात द्यायचा नाही, नुसतं शेजारी उभं राहायचं. वहिनींना म्हणा रिव्हर्स घे. टेस्ट ड्राइव्ह पोवई नाक्याच्या गर्दीत घ्या आणि जमलं तर यवतेश्वरच्या घाटात दोन वळणं वर जाऊन या, अण्णांना पुढं बसवून. घाटात गाडी कशी आहे हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, ते गिअर कुठं बदलायला सांगतात ते ऐका. घरी आल्यावर चहा घेताना त्यांनाच विचारा की अण्णा, कुठली. आणि ते काय म्हणाले ते मला नक्की कळवा.